समासातल्या दुहेरी खुणा

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. फोन करू नकोस, पत्रच लिही, असं तू जाताना दोनदा बजावलंस, म्हणून लिहिते आहे. फोन बाबांच्या खोलीत आहे हे खरं. पण झटका येऊन सात महिने झाले, त्यांना आता फोनचा काय त्रास होणार आहे ते मला कळलं नाही. तरी तू सांगितलंस ते पाळते आहे.

बाबा होते तसेच आहेत. नळीने खाणं, चार वेळा कूस बदलणं, सकाळी बाई येऊन अंग पुसून जातात. डोळे उघडे असतात, पण कुणावर ठरत नाहीत. शुश्रूषा केंद्राचं पत्र आलं, १ मार्चला खाट रिकामी होते आहे. डॉक्टरांच्या दाखल्यावर ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिलंय आणि खाली साक्षीदार म्हणून तुझी सही आहे. माझी सही अजून व्हायची आहे. रोज कागद काढते आणि परत ठेवते.

पत्र लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. घरात एक आवाज येतो. स्वयंपाकघरात, मोरीच्या नळाशी. टक. कधी एकदा, कधी दोनदा लागोपाठ. फार बारीक, पण एकदा कानात बसला की जात नाही. मी दुपारी दोन ते पाच तिथल्या टेबलावर मुद्रितं तपासते तेव्हा तो रोज येतो. छापखान्याने यंदा सातवीच्या गणिताचं पुस्तक दिलंय, सोडवलेली उदाहरणं आणि मागे उत्तरसूची. आकडे डोळ्यांनी तपासले तर निसटतात, म्हणून मी मोठ्याने वाचते. एकटीच वाचणार, एकटीच ऐकणार. त्यात हा आवाज. तू यंत्रांचे आवाज ओळखून पोट भरतोस, हे कसलं असेल सांगशील?

तुझी,
मुंगी

ता. क. वर ‘रोज’ लिहिलं ते चूक आहे. रविवारी आला नव्हता.

•

९ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

पत्र मिळालं. ता. क. वाचून हसलो. तू देवाघरी गेलीस तरी दारात उभी राहून हजेरीपटातली चूक दाखवशील.

आवाजाचं काही विशेष नाही. जुना नळ आहे, पाइपात हवा अडकते, पाणी सुटलं-थांबलं की पाइप भिंतीवर आपटतो. आमच्या शीतगृहात असे चाळीस आवाज आहेत. सगळ्यांच्या मागे लागलो असतो तर वेड्यांच्या इस्पितळात असतो. पाइपाला जुनं फडकं गुंडाळ आणि विसर. हाताला चाळा हवा असेल तर स्वेटर विण.

सही करून टाक. तू सव्वीस वर्षांची आहेस. सात महिन्यांत तू घराबाहेर किती वेळा गेलीस ते मोजलं असशीलच, तुझी सवय आहे ती. मला आकडा कळवू नकोस, मला झोप येणार नाही.

एक गोष्ट. शुश्रूषा केंद्राचं बोलणं बाबांच्या खोलीत करू नकोस. उगाच. बरं दिसत नाही.

तुझा,
दादा

•

१५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. फडकं गुंडाळलं. आवाज येतोच आहे.

नळदुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने अर्धा तास नळ उघडून-मिटून पाहिला, वॉशर बदलला आणि चहा घेता घेता म्हणाला, “ताई, हवा असती तर पाणी सोडल्यावर वाजली असती. तुमचं तर नळ बंद असताना वाजतंय. हा वहीम असेल तर त्याचा वॉशर माझ्याकडे नाही.” मी त्याला म्हटलं, मला वहीम होत नाहीत, मला शंका येतात. मग तो जरा गंभीर झाला आणि म्हणाला, किती वेळा वाजतं ते लिहून ठेवा, काही मेळ लागला तर बघू.

दुपारी हाताशी दुसरा कागद नसतो. म्हणून मुद्रितांच्याच समासात पेन्सिलीने बारीक खूण करते, एकदा वाजलं तर एक रेघ, दोनदा वाजलं तर दोन. परत पाठवण्याआधी खोडून टाकीन. दोन रेघा फार थोड्या ठिकाणी आहेत. एक रेघ मात्र बहुतेक पानाच्या तळाशी येते, हे मला विचित्र वाटलं. पाइपाला पान संपल्याचं कसं कळेल? बाबांनी शिकवलंय की जे दिसलं ते लिहावं, जे वाटलं ते नाही. म्हणून लिहिते आणि पुढे काही म्हणत नाही.

तू लहानपणी दाखवलं होतंस तसं मी स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकलं. मोरीपासून सरकत सरकत गेले. आवाज बाबांच्या खोलीच्या भिंतीकडे वाढतो. पाइप त्या भिंतीतून आत जातो आणि खाटेच्या पायथ्याशी निघतो. बाबांची तीच लोखंडी खाट, जमीनमोजणीच्या नोकरीत मुक्कामांवर आपल्याबरोबर फिरायची ती. तिचा पायथ्याचा दांडा पाइपाला टेकलाय. पण खोलीत गेलं की काही ऐकू येत नाही. गादीत हवा खेळवणारं यंत्र दिवसभर घुमत असतं.

त्या खाटेवर बसूनच आपण शिकलो, आठवतं? गाव बदललं की शाळा बदलायची, म्हणून मी अकरा वर्षांची होईपर्यंत शाळाच नव्हती. तू पाढे म्हणायचास, मी उदाहरणं वाचून दाखवायचे, आणि बाबा नकाशावरून मान वर न करता पेन्सिलीने बोलायचे. पान बरोबर आलं की एकदा टक, म्हणजे पुढचं पान. चुकलं की लगेच दोन, म्हणजे पुन्हा कर. ‘चूक’ हा शब्द त्यांनी तोंडाने कधी काढला नाही.

रविवारी खाट भिंतीपासून ओढून पाइप बघायचा विचार आहे. खालचे काका मदतीला येतो म्हणाले.

तुझी,
मुंगी

•

२० फेब्रुवारी

मुंगे,

घाईत आहे. खाट हलवू नकोस. नळी निघाली तर पुन्हा घालताना बाबांना त्रास होईल. आवाजाच्या मागे लागणं आता पुरे. मी २८ला येतो, १ला आपण दोघं मिळून त्यांना पोचवू. सही करून ठेव. एवढं एक माझं ऐक.

दादा

•

६ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू सुखरूप पोचलास असं धरून चालते.

आवाज थांबला. बाबांना पोचवून आपण परत आलो त्या दिवसापासून एकदाही नाही. तू इथे असताना म्हणाला होतास तसं आपोआप. नळदुरुस्तीवाला वाटेत भेटला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या हाताला यश उशिरा येतं, पण येतं.

मला वाटलं होतं, घर शांत झालं की काम वेगाने होईल. पण काल उत्तरसूचीचं शेवटचं पान वाचून झाल्यावर मी पेन्सिल हातात धरून बसून राहिले. कशाची वाट बघत होते, सांगता येत नाही. तशीच मुद्रितं बांधून पाठवली. रेघा खोडायच्या राहिल्या.

भेटायला गेले होते. तिथे वरच्या मजल्यावर, ज्यांना काही कळत नाही अशांची एक लांबलचक खोली आहे. स्वच्छ आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, “ताई, इथं बोलून उपयोग नसतो. भिंतीशी बोलल्यासारखं.” मी तरी बाबांना दिवस आणि तारीख सांगून आले.

१ला बाबांना ठेवून निघताना गाडीत तू रडलास. बाबांसाठी, असं मी समजले. पण तू खिडकीकडे तोंड करून “मुंगे, मला माफ कर” असं म्हणालास. ते कशासाठी होतं?

तुझी,
मुंगी

•

१२ मार्च

दादा,

तुझं उत्तर आलेलं नाही. थांबवत नाही म्हणून लिहिते.

काल छापखान्यातून बोलावणं आलं. तिथले मुख्य मुद्रितशोधक, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो, मुद्रितं समोर पसरून बसले होते. पुस्तकाच्या लेखकाने छपाईआधी एकदा सगळी गणितं पुन्हा सोडवली आणि त्याच्याच हस्तलिखितातली सात उत्तरं चुकलेली निघाली. हस्तलिखितात जे आहे ते छापलंय का एवढंच पाहणं माझं काम, त्यामुळे दोष माझा नव्हता. पण मास्तर रागावलेले होते. त्यांनी सातही पानं उघडून एकेका ओळीवर बोट ठेवलं. प्रत्येक चुकीच्या शेजारी, समासात, माझ्या पेन्सिलीच्या दोन रेघा होत्या.

“तुला दिसल्या होत्या तर खूण करून गप्प का बसलीस?” ते म्हणाले. “आमची परीक्षा घेत होतीस?”

मी सगळं पुस्तक चाळलं. दुहेरी खुणा सातच आहेत, दादा. आठवी नाही, सहा नाहीत. आणि जिथे पान बिनचूक आहे तिथे तळाशी एक.

मला एकही चूक दिसली नव्हती. मी नुसती वाचत होते. भिंतीपलीकडे कुणीतरी ऐकत होतं, मनात गणित सोडवत होतं आणि मला सांगत होतं, पुन्हा कर. रविवारी मी वाचत नसे, म्हणून रविवारी आवाज नसे. त्यांच्या खोलीत यंत्र घुमायचं, म्हणून जवळ गेलं की ऐकू यायचं नाही, आणि लांब स्वयंपाकघरात, खाटेतून पाइपात आणि पाइपातून नळात, ते माझ्यापर्यंत पोचायचं. मी त्याला फडकं गुंडाळलं.

मास्तरांना काय सांगितलं ते आठवत नाही. त्यांनी मला पाणी दिलं.

डॉक्टरांनी हात पाहिले, डोळ्यांत उजेड पाडला. पाय कुणी पाहिले नाहीत. पांघरुणाखाली टाच असेल. डॉक्टर चुकले, मी चुकले. तू आठ दिवस त्यांच्याजवळ बसला होतास, तुलाही कळलं नाही. तुला दोष देत नाही. पण सात महिने त्यांच्यासमोर आपण काय काय बोललो ते आठवून बघ. मी आठवते आहे. तुला सांगायलाच हवं असं एक आहे. जानेवारीत, तू यायच्या आदल्या आठवड्यात, खालच्या काकू त्यांच्या उशाशी येऊन बसल्या होत्या. मी म्हणाले, यांच्यात आता काही उरलं नाही काकू, माझंच वय चाललंय. सुटले तर दोघंही सुटू. मी चहा ढवळत म्हणाले हे. त्यांच्या अंगावरून हात लांब करून साखरेचा डबा घेतला आणि म्हणाले.

तिकडे जायला माझे पाय उचलत नाहीत. तू लगेच लिही.

मुंगी

•

१६ मार्च

प्रिय मुंगे,

मला कळलं होतं.

जानेवारीत मी आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी तू औषधं आणायला गेली होतीस. बाईंनी गादीचं यंत्र साफ करायला बंद केलं होतं. मी खाटेचा दांडा धरून बसलो होतो. यंत्राजवळ बसलं की हात आपोआप दांड्यावर जातो, आवाज आम्ही निम्मा तळहातानेच ऐकतो. बाबांशी बोलायचं म्हणून बोललो, आईला जाऊन सहा वर्षं झाली. हाताला दोन ठोके लागले. मी हिशेब केला. सात झालीत.

मग मी विचारत गेलो. बाबा, ऐकू येतं? एक. दुखतं? दोन. बराच वेळ आम्ही दोघं असे बसलो होतो. मी धावत तुला हाक मारायला उठलो, दारापर्यंत गेलो, तर मागून दोन ठोके. परत येऊन विचारलं, तिला सांगू नको? एक. मी म्हटलं, हे काय बाबा, ती वेडी होईल आनंदाने. दोन. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तेच. त्याच्या पुढच्या दिवशी मी विचारलं, तुम्हाला दुसरीकडे ठेवू का, तिला मोकळं करू का? एक. इतका जोरात की पांघरूण सरकलं.

काकूंचं मला माहीत नव्हतं. आता बाबांचं म्हणणं जास्त कळतं, आणि ते तू मला सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं.

त्यांची टाच हलते हे डॉक्टरांना सांगितलं असतं तर खाट मिळाली नसती, म्हणून दाखल्यावर सही केली. फोन त्यांच्या खोलीत, म्हणून पत्रं लिहायला लावली. त्यांच्यासमोर तुझ्याशी खोटं बोलणं मला जमलं नसतं. तुझं आवाजाचं पहिलं पत्र आलं तेव्हा धसका बसला. माणूस तोंड बंद ठेवायचं ठरवतो, कायमचं तसंच पडून राहायची तयारी करतो, आणि भिंतीपलीकडून कुणी चुकीचं उत्तर वाचलं की त्याला राहवत नाही. नाहीतर तुला कधीच कळलं नसतं.

मी त्यांचं ऐकलं, मुंगे. ते बरोबर होतं का, ते सांगायला आता टेबलावर पेन्सिल नाही. तू मोकळी आहेस. छापखान्यात पूर्ण दिवस जा. तिकडे गेलीस तर त्यांना कळू देऊ नकोस की तुला कळलंय. त्यांची तेवढी एकच इच्छा होती.

दादा

•

२१ मार्च

प्रिय दादा,

शनिवारी बाबांना घरी आणते आहे. तू आलास तर त्यांना वर चढवायला हात लागेल, नाही आलास तर खालचे काका आणि नळदुरुस्तीवाला आहेत. दाखला बदलून घ्यायला डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, साक्षीदाराची सही आहे. मी म्हटलं, साक्षीदार खोटं बोलला, आणि ते मी त्याला कळवलंय. तर हे कळवणं झालं.

तुझ्यावर रागावले नाही असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. किती रागावले ते अजून मोजून झालेलं नाही.

काल मी तिकडे गेले. खाटा प्लास्टिकच्या आहेत, कडेला फक्त एक पोकळ दांडी. टाचांना जखमा होऊ नयेत म्हणून सगळ्यांच्या पायांत कापसाचे जाड बूट घातलेले. ते चांगल्यासाठीच घालतात, बाई फार काळजीने त्यांच्या गाठी तपासत होत्या. वीस दिवस बाबा त्या बुटात आहेत. तिथे त्यांनी कितीही ठोके दिले असतील तरी ते कापसात गेले.

मी शेजारी बसले आणि विचारलं, बाबा, तुम्हाला ऐकू येतं? काही नाही. पुन्हा विचारलं. डोळे छताकडे. त्यांनी जे ठरवलं होतं ते ते पाळत होते. तू म्हणालास तसं मलाही न कळल्यासारखं करून परत येता आलं असतं. मी उठलेही होते.

मग मी पिशवीतून नवी मुद्रितं काढली आणि वाचायला लागले. पानभर बरोबर वाचलं. पुढच्या पानावर वाचलं, सात आठे चोपन्न.

बराच वेळ काही झालं नाही. त्यांच्या गळ्याची शीर तेवढी उडत होती. मी पानावरून नजर काढली नाही. मी बघतेय असं कळलं तर ते आवरून धरतील. मी पुढची ओळ वाचायला तोंड उघडलं तेवढ्यात पायथ्याशी पांघरूण हललं. दोनदा. आवाज काहीच नाही. दुसऱ्यांदा हललं तेव्हा फार थोडं हललं. ती टाच आता पहिल्यासारखी राहिलेली नाही, दादा. डॉक्टर म्हणतात, न वापरल्यामुळे. आणखी किती दिवस हलेल ते सांगता येत नाही म्हणाले.

मी म्हटलं, छप्पन्न. एकदा.

मग मी काकूंपुढे बोलले होते ते शब्द त्यांना पुन्हा म्हणून दाखवले, जसेच्या तसे, साखरेच्या डब्यासकट. म्हटलं, हे मी बोलले होते आणि तुम्ही ऐकलंत. तेव्हा मला तसं वाटत होतं, खोटं सांगत नाही. अजूनही एखाद्या दुपारी वाटेल. पण तुम्ही माझं गणित सोडवलंत आणि उत्तरही माझ्या वतीने लिहून टाकलंत. आपल्या घरच्या शाळेत याला कॉपी म्हणायचे. पांघरूण हललं नाही. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे गेलं, ते मी पुसलं. बाई म्हणाल्या, ते आपोआप येतं, मनाला लावून घेऊ नका.

घरी आणलं की काय होईल ते मला माहीत आहे. चार वेळा कूस, नळी, छापखान्याचं अर्धंच काम, आणि ती टाच थांबेल तो दिवस. तो दिवस मला स्वयंपाकघरात, नळाशी कळेल. हे सगळं मांडून पाहिलं आहे.

निघताना मी त्यांच्या कानाशी वाकले. त्यांना प्रश्न विचारला की ते गप्प बसतात, म्हणून विचारलं नाही, उत्तर वाचावं तसं नुसतं वाचलं. म्हटलं, बाबा, इथं तुम्हाला बरं आहे.

पांघरूण हललं. एकदा. म्हणजे बरोबर, पुढचं पान.

मी पेन्सिल काढली आणि खाटेच्या दांडीवर दोनदा वाजवली.

तुझी,
मुंगी